एकाला बिस्कीट, दुसऱ्याला बल्ब

वर्धा जिल्ह्यात वांदर ओळखायला कुणाला पुस्तक उघडावं लागत नाही. काळं तोंड, राखाडी अंग, अंगापेक्षा लांब शेपटी. बोरच्या जंगलात तो आहे, आर्वी-कारंजाकडच्या संत्र्याच्या बागांत आहे आणि भर गावात टिनाच्या छपरावर धडधड उड्या मारणाराही तोच आहे. प्राणिशास्त्रात त्याला हनुमान लंगूर म्हणतात. म्हाकूल मात्र इथल्या फार थोड्या लोकांनी पाहिलेलं असेल. आपल्याकडे मासळी म्हणजे रोहू, कतला, मरळ, फार तर झिंगे. समुद्र रेल्वेनं साडेसातशे किलोमीटरवर. कोकणात ज्याला म्हाकूल म्हणतात आणि इंग्रजीत स्क्विड, त्याच्याशी आपली गाठ पडलीच तर मोठ्या शहरातल्या हॉटेलात, तळलेल्या गोल चकत्यांच्या रूपात.

एक झाडावरचा, दुसरं समुद्रातलं. एकाला आपण देवाच्या सेनेतला मानतो, दुसऱ्याला किलोचा भाव लावतो. तरी या दोघांना शेजारी ठेवून पाहायला हवं, कारण दोघांच्याही बाबतीत आपली खोड एकच आहे. प्राण्याशी कसं वागायचं हे आपण त्याच्या चेहऱ्यावरून ठरवतो. त्याच्या शरीराची गरज काय, हे विचारत नाही. ज्याचा चेहरा आपल्यासारखा, त्याला घरचा समजून आपल्या पिशवीतलं भरवतो. ज्याचा चेहरा आपल्याला वाचता येत नाही, तो प्राणी आपल्या लेखी वस्तू होतो. यात दोघांचंही नुकसान होतं आणि शेवटी ते आपल्यावरही येतं.

जवळचा आणि लांबचा

आधी नातं किती जवळचं आणि किती लांबचं, ते पाहू. माणूस आणि वांदर यांचे पूर्वज साधारण अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. उत्क्रांतीच्या हिशेबात ही कालपरवाची गोष्ट. म्हणून वांदराची बोटं आपल्यासारखी पकडतात, त्याचे डोळे आपल्यासारखेच तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश वेगवेगळा ओळखतात, मादी पिलाला छातीशी धरते. एकदा वीण झाली की एकच पिलू, तेही साधारण साडेसहा महिन्यांच्या गर्भारपणानंतर. कळपातल्या इतर माद्या ते पिलू आळीपाळीनं घेतात. वीस-पंचवीस वर्षांचं आयुष्य असतं आणि त्यात शिकायला, शिकवायला वेळ असतो.

म्हाकूल आणि आपला समान पूर्वज शोधायचा तर ५५ कोटी वर्षांहूनही मागे जावं लागतं. तेव्हा जमिनीवर प्राणीच नव्हते. म्हाकुलाला आठ हात आणि भक्ष्य पकडायला दोन लांब सोंडा असतात. तीन हृदयं असतात. रक्त निळसर असतं, कारण त्यात प्राणवायू वाहून नेण्याचं काम लोहाऐवजी तांब्याचं संयुग करतं. अन्ननलिका चक्क मेंदूच्या मधून जाते. आपल्या अरबी समुद्रात सर्वाधिक सापडणाऱ्या भारतीय म्हाकुलाचं आयुष्य वर्ष-दीड वर्षाचं. वीण झाली की बहुतेक माद्या मरतात. पिलांना आई भेटत नाही, शिकवणारं कुणी नसतं.

इथपर्यंत वाटतं, की हा परका तो परकाच. पण म्हाकुलाच्या डोळ्याकडे पाहिलं की हिशेब चुकतो. बाहुली, भिंग, मागे पडदा अशी कॅमेऱ्यासारखी रचना त्याच्याही डोळ्यात आहे. ती आपल्याकडून त्याच्याकडे किंवा त्याच्याकडून आपल्याकडे आलेली नाही. उत्क्रांतीत दोन वेगळ्या वाटांनी दोनदा घडलेली आहे. एका बाबतीत तर त्याचा डोळा सरस आहे. आपल्या आणि वांदराच्या डोळ्यात मज्जातंतू पडद्याच्या पुढून येतात आणि एका ठिकाणी पडद्याला भोक पाडून मागे जातात. तिथं आपल्याला काहीच दिसत नाही. म्हाकुलाचे तंतू मुळातच पडद्याच्या मागून निघतात. त्याच्या डोळ्यात आंधळा ठिपका नाही.

उलट, चेहऱ्यानं इतका आपला वाटणारा वांदर पोटानं आपला नाही. त्याचं पोट आपल्यापेक्षा गाईच्या पोटाशी जास्त जुळतं. म्हणजे नातं जवळचं म्हणून शरीर सारखं, असं नाही. आणि नातं लांबचं म्हणून सगळं वेगळं, असंही नाही. एवढं एक वाक्य आपण नीट लक्षात ठेवलं, तरी पुढचे बरेच घोटाळे टळतात.

वांदराच्या पोटात गाय

वांदर मुळात पानं खाणारा प्राणी. पळस, वड, पिंपळ, उंबर, बाभूळ यांची पानं, कळ्या, शेंगा, फळं हे त्याचं अन्न. पानांतला चोथा पचवणं कुठल्याही सस्तन प्राण्याला स्वतःच्या बळावर जमत नाही. गाय-म्हैस ते काम कोठीपोटातल्या जंतूंकडून करून घेते. वांदराच्या पोटालाही असेच कप्पे असतात आणि त्यांत जंतू पानं आंबवतात. १९८७ साली संशोधकांनी दाखवलं, की हे जंतू पुढे गेल्यावर त्यांना फोडून पचवणारं लायसोझाइम नावाचं प्रथिन गाईत आणि वांदरात, एकमेकांशी काही संबंध नसताना, सारख्याच रीतीनं बदललं आहे. लाल तोंडाच्या माकडात हे झालेलं नाही, माणसातही नाही. लाल तोंडाचं माकड गालातल्या पिशव्यांत मिळेल ते भरून नेतं. वांदराला त्या पिशव्याही नाहीत. दोन्ही माकडंच, पण एकाचं पोट मिळेल ते खाणाऱ्याचं आणि दुसऱ्याचं रवंथ न करणाऱ्या गाईचं.

आता या पोटात आपण काय टाकतो ते पाहा. जंगलालगतच्या रस्त्यावर गाडी थांबवून बिस्किटाचा पुडा, शनिवारी देवळापाशी केळी, पाव, फुटाणे, गोड बुंदी. गाईनं पोतं फोडून जास्तीचं धान्य खाल्लं तर काय होतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पोटात एकदम आंबट तयार होतं, पोट फुगतं आणि जनावर दगावूही शकतं. साखर आणि मैदा वांदराच्या पोटात हेच करतात. पानं पचवणारे जंतू मागे पडतात, आंबट करणारे वाढतात. प्राणिसंग्रहालयं पानं खाणाऱ्या माकडांच्या आहारात गोड फळांनाही मर्यादा घालतात, ती याच कारणानं. आपण मात्र पुण्य म्हणून तेच वाटतो.

दुसरं नुकसान सवयीचं. रोज रस्त्यावर खाऊ मिळाला की कळप रस्त्यावर बसू लागतो, गाड्यांखाली येतो, माणसाची भीती सोडतो. मग तोच कळप तुरीच्या शेंगांवर, हरभऱ्याच्या घाट्यांवर, संत्र्याच्या बागेवर बिनधास्त उतरतो. शेतातली नासाडी केवळ बिस्किटांमुळे होते, असं मी म्हणत नाही. जंगलाच्या कडेला जंगलापेक्षा सकस पीक उभं असेल तर वांदर ते खाणारच. पण माणसाला न भिणारा कळप हाकलणं अधिक कठीण, हे राखण करणाऱ्या कुणालाही विचारा. खाऊ घालणाऱ्याला पुण्य मिळतं आणि त्याची किंमत शेतकरी भरतो, हा व्यवहार न्याय्य नाही.

या प्रश्नावर वर्ध्याला बाहेरून शहाणपण आणायची गरज नाही. सेवाग्रामच्या बापूकुटीतली तीन माकडं सगळ्यांना ठाऊक असतात; पण खऱ्या माकडांबद्दल गांधीजींनी काय लिहिलं, ते फारसं सांगितलं जात नाही. १९२८ साली 'यंग इंडिया'त त्यांनी आश्रमाच्या शेतीला होणाऱ्या माकडांच्या उपद्रवाची चर्चा केली. १९४६ साली 'हरिजन'मध्ये ते आणखी स्पष्ट झाले: पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्यांना खाऊ घालणं आणि त्यांची संख्या वाढायला मदत करणं त्यांना मान्य नव्हतं. अहिंसेचा सर्वात मोठा पुरस्कर्ता माकडाला खाऊ घालण्याला अहिंसा मानत नव्हता. दया म्हणजे भरवणं नव्हे, हे त्यांना शेतीत राहून कळलं होतं.

चेहऱ्यावरून वाचण्याची दुसरी बाजूही आहे. लाड करणारे आपणच रागावलो की त्याच चेहऱ्यात सूड शोधतो. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावी वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून उंचावर नेत होती, त्यांतली काही पिल्लं पडून किंवा उपाशी राहून मेली. वनविभागानं दोन वानर पकडले. पण तोवर 'कुत्र्यांचा सूड घेणारे वानर' ही गोष्ट देशभर झाली होती. पिलू उचलून घेणं, ते जवळ धरून फिरणं ही वानरांची नेहमीची सवय. त्याला खुनाचा हेतू आपण चिकटवला. ज्याला आपण माणूस समजून बिस्कीट देतो, त्यालाच माणूस समजून आरोपीही करतो.

चावा आणि ताप

आरोग्याच्या अंगानंही अंतर राखणं दोघांच्या हिताचं आहे. हातातून खाऊ घेताना वांदर ओरखडा काढतो किंवा चावतो. माकड चावलं तर ते कुत्र्याच्या चाव्याइतकंच गांभीर्यानं घ्यायचं. रेबीज कोणत्याही सस्तन प्राण्याला होऊ शकतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर उपाय नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, त्यावर हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. जखम खोल असेल तर लशीबरोबर जखमेत द्यायचं इंजेक्शनही लागतं. 'देवाचं माकड आहे, काही होत नाही' हे वाक्य धोक्याचं आहे.

माकड आजारी पडणं ही आपल्यासाठी सूचनाही असते. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात वांदर मरू लागले आणि मागोमाग माणसांना ताप येऊ लागला. तोच माकडताप. त्याचा विषाणू गोचिडांमार्फत पसरतो. वांदर आणि लाल तोंडाची माकडं त्यानं झटपट मरतात. २०१६ साली तो आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात पोचला. विदर्भात हा ताप नाही. पण तिथल्या लोकांनी एक गोष्ट शिकली: जंगलात माकड मेलेलं दिसलं की हात लावायचा नाही, आधी आरोग्य खात्याला आणि वनविभागाला कळवायचं. ज्याला हातानं भरवायची सवय लागली, त्याला हे अंतर राखणं अवघड जातं.

काळोखाचा प्राणी

त्याच सिंधुदुर्गात डोंगर उतरून मालवणच्या किनाऱ्यावर आलं की दुसऱ्या प्राण्याचा प्रश्न उभा राहतो.

भारतीय म्हाकुलाच्या शाईच्या पिशवीवर प्रकाश देणारे दोन लहान अवयव असतात. तो प्रकाश म्हाकुलाचा स्वतःचा नसतो. तिथं मुक्कामाला असलेल्या चमकणाऱ्या जिवाणूंचा असतो. रात्री वरून चांदणं पडलं की खालून पाहणाऱ्या माशाला म्हाकुलाची काळी सावली दिसली असती. पोटाखालचा मंद उजेड ती सावली पुसण्याच्या कामी येतो, असं अभ्यासक मानतात. जशी वांदराच्या पोटात पानं पचवणाऱ्या जंतूंची वस्ती, तशी म्हाकुलाच्या अंगात उजेड देणाऱ्या जिवाणूंची. दोघेही दुसऱ्याच्या जिवावर जगतात, आणि दोघांचंही बस्तान आपण बाहेरून ओतलेल्या एका गोष्टीनं बिघडतं. वांदराच्या बाबतीत ती साखर. म्हाकुलाच्या बाबतीत उजेड.

म्हाकूल रात्री दिव्याकडे ओढलं जातं, हे मच्छीमारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कंदिलाच्या उजेडात गळ टाकणं आणि जनरेटरवर चालणाऱ्या एलईडी दिव्यांनी पाण्याचा मोठा पट्टा दिवसासारखा उजळणं, यात मात्र फरक आहे. उजेडात म्हाकुलाबरोबर लहान मासे, कोवळी पिलं, अंडी घालायला आलेल्या माद्या सगळं एका जाळ्यात येतं. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०१७ मध्ये किनाऱ्यापासून दूरच्या आपल्या सागरी क्षेत्रातही अशा दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्रानं २०२१ साली सागरी मासेमारीच्या कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवला. तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गातले पारंपरिक मच्छीमार एलईडीच्या बोटींविरुद्ध अजून आंदोलनं करत असतात. त्यांचा राग म्हाकुलाच्या प्रेमापोटी नाही, पोटासाठी आहे. पण इथं दोघांचं हित एक आहे.

म्हाकुलाची वाढ झपाट्यानं होते आणि ते एका वेळी हजारोंच्या संख्येनं अंडी घालतं, म्हणून 'कितीही पकडा, संपत नाही' असं बोललं जातं. यात अर्धं खरं आहे. वांदराच्या कळपातली एक पिढी वाया गेली तर जुने जाणते मागे उरतात. म्हाकुलाकडे जुनं जाणतं कुणी नसतंच. आयुष्य वर्षभराचं, म्हणजे दरवर्षीचं पीक त्याच वर्षीच्या अंड्यांवर. शेतकऱ्याच्या भाषेत, इथं दरवर्षी नवं बियाणं पेरावं लागतं. कोठारात मागच्या सालचं काही नसतं. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी आहे, तिचं मोल म्हणूनच मोठं.

दोघांचं देणं

कुणी म्हणेल, वर्ध्याच्या माणसानं म्हाकुलाची काळजी कशाला करायची? त्याचं उत्तर दवाखान्यात आहे.

आपली नस मेंदूकडे निरोप कसा नेते, हे शास्त्राला म्हाकुलानं शिकवलं. माणसाच्या नसेतला जाडात जाड तंतू मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. त्यात सुई घालून वीज मोजणं अशक्य होतं. म्हाकुलाला धोका दिसताच एकदम पाणी फेकून मागे उसळावं लागतं, त्यासाठी त्याच्याकडे एक तंतू जवळजवळ मिलिमीटरभर जाड असतो. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी १९३६ साली तो शास्त्रज्ञांच्या नजरेस आणला. हॉजकिन आणि हक्स्ले यांनी त्यात तार घालून वीज मोजली आणि १९५२ साली दाखवून दिलं, की सोडियम आणि पोटॅशियमचे भारित कण तंतूच्या आतबाहेर जातात, त्यातून निरोप पुढे सरकतो. आकडेमोड हक्स्ले यांनी हातानं फिरवायच्या यंत्रावर केली होती. १९६३ साली दोघांना नोबेल मिळालं. आज दात काढताना डॉक्टर हिरडीत भूल देतात, ती सोडियमची हीच वाट अडवते. फिट येणाऱ्या रुग्णाच्या काही गोळ्याही याच वाटेवर काम करतात. ही भूल नेमकी कुठं काम करते, ते कळलं ते म्हाकुलाच्या त्या तंतूवरून.

माकडाचं देणं तर आपल्या सगळ्यांच्या रक्तगटाच्या कागदावर छापलेलं असतं. 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' याच्या आधी येणारं 'आरएच' हे रीसस माकडाचं नाव. लँडस्टायनर आणि वीनर यांनी १९४० साली या लाल तोंडाच्या माकडाच्या रक्तावरून ते शोधलं. माणसातला घटक आणि माकडातला घटक नेमका एकच नाही, हे नंतर कळलं. नाव मात्र राहिलं. निगेटिव्ह गटाच्या आईला पॉझिटिव्ह बाळ झालं तर तिला 'अँटी-डी'चं इंजेक्शन देतात, त्यामुळे पुढच्या बाळाचा जीव वाचतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत गर्भवतीचा रक्तगट तपासतात, तो यासाठी. साल्क यांची पोलिओची लस याच माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवली गेली आणि त्यासाठी भारतातून दरवर्षी हजारो माकडं परदेशी गेली. ती निर्यात भारतानं १९७८ साली बंद केली. अगदी अलीकडे, २०२० साली, कोव्हॅक्सिनच्या चाचणीला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला वीस रीसस माकडं हवी होती. टाळेबंदीत ती सापडेनात. शेवटी नागपूरच्या परिसरात त्यांचा माग लागला, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी आपल्या पुस्तकात सांगितलं आहे. शेजारच्या जिल्ह्यातली माकडं आपल्या दंडावरच्या सुईत आहेत.

दुखतं का?

वांदराला दुखतं का, असा प्रश्न कुणाला पडत नाही. त्याचं तोंडच सांगतं. म्हाकूल ओरडत नाही, तोंड वाकडं करत नाही. मग त्याला दुखत असेल?

अमेरिकेतल्या रॉबिन क्रूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा माग काढला. म्हाकुलाच्या एका हाताला किरकोळ इजा केली तर त्यानंतर बराच काळ त्याचं सगळं अंगच संवेदनशील होतं. इजा नसलेल्या बाजूला स्पर्श झाला तरी ते दचकतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इजा झालेली म्हाकुलं शिकारी माशासमोर सोडली. ती लवकर सावध होत होती. ज्यांना इजेच्या वेळी भूल दिली होती आणि त्यामुळे ही संवेदनशीलता आलीच नव्हती, ती जास्त संख्येनं माशाच्या तोंडी गेली. म्हणजे इजेची जाणीव त्याच्या जगण्याला उपयोगी पडते. त्याला नेमकं काय वाटतं हे आपल्याला त्याच्या आत शिरून कळणार नाही; पण 'काहीच वाटत नाही' असं समजायला आता आधार उरलेला नाही. युरोपीय संघानं २०१० सालीच प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या संरक्षणात म्हाकूल आणि त्याच्या भाऊबंदांना घेतलं. ब्रिटननं २०२२ साली त्यांना संवेदनशील प्राणी म्हणून कायद्यात मान्यता दिली.

आपला कायदा याही आधीचा आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव जीव. त्यात वांदर आहे, तसं म्हाकूलही आहे. अन्नासाठी मारायला हा कायदा आडवा येत नाही. पण अनावश्यक यातना नकोत, असं तो सांगतो. कायद्यानं चेहरा पाहिलेला नाही. तो आपण पाहतो.

मग करायचं काय

म्हाकूल खाणं सोडा, असं मी सांगणार नाही. कोकणातल्या घरांचं ते अन्न आहे आणि निर्यातीच्या मालात त्याचं मोठं स्थान आहे. वांदरांच्या पायी शेत सोडा, असंही सांगणार नाही. माझं सांगणं साधं आहे: दोघांनाही आपलं माप लावू नका.

वांदरापुरतं पहिलं काम आजच, एक पैसाही खर्च न करता होण्यासारखं आहे. खाऊ घालणं बंद. देवळाच्या विश्वस्तांनी, ग्रामपंचायतींनी, बोरला येणाऱ्या पर्यटकांच्या गाडीचालकांनी हे मनावर घ्यावं. ज्यांना खरंच पुण्य हवं त्यांनी उंबर, पिंपळ, वड लावावेत आणि आहेत ते राखावेत. २०२० साली वर्धा-सेवाग्राम रस्त्यावरची जुनी झाडं रुंदीकरणासाठी तोडली जाऊ लागली, तेव्हा नागरिक विरोधाला उभे राहिले. ती झाडं माणसांच्या सावलीची होती, तशीच वांदरांच्या ताटाचीही. धाराशिव जिल्ह्यात उपळा गावात ३२ एकर जमीन सातबाऱ्यावर वानरांच्या नावे असल्याचं २०२२ साली उघड झालं, तेव्हा लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. सातबाऱ्यानं वानराचं पोट भरत नाही हे खरं, पण त्याला बिस्कीट नको, जागा हवी, हे त्या नोंदीत बरोबर आहे. आणि ज्या शेतकऱ्याचं पीक गेलं त्याला भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. वांदर राखायचा खर्च सगळ्या समाजाचा आहे, बांधावरच्या एकट्याचा नाही.

म्हाकुलापुरतं काम समुद्रकाठच्या सरकारी यंत्रणेचं जास्त आहे. एलईडीवरची बंदी कागदावरून पाण्यावर उतरवायची, पावसाळी बंदी काटेकोर पाळायची, पकडलेलं म्हाकूल बर्फात तडफडत न ठेवता झटपट मारायची पद्धत बोटींवर शिकवायची. आपण विदर्भातले ग्राहक एवढं करू शकतो, की हॉटेलात चकत्या मागवताना जून-जुलै टाळायचा आणि मोठं होऊ न दिलेलं, बोटाएवढं म्हाकूल 'कोवळं' म्हणून मागायचं नाही.

हे सगळं फार मोठं नाही. शाळेत मुलांना माकडाचं चित्र काढायला सांगतात. शेजारी म्हाकुलाचं काढायला सांगावं आणि विचारावं, यातलं गाईसारखं पोट कुणाचं आणि आपल्यापेक्षा बिनचूक डोळा कुणाचा. उत्तर ऐकून मुलं चकित होतील. पुढच्या शनिवारी ती आपल्या हातातला बिस्किटाचा पुडा पिशवीत परत ठेवतील, अशी आशा करायला हरकत नाही.